‘किती तास झाले?’ हे आधी विचारा: काउंटरवर लावायच्या चॅटबॉटची परीक्षा

एका सामाजिक संस्थेने तरुण मुलामुलींच्या लैंगिक आरोग्याच्या शंकांसाठी व्हॉट्सॲपवर चालणारा चॅटबॉट काढलाय. नाव सांगावं लागत नाही, पैसे पडत नाहीत, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही चालतं. त्याच्या क्यूआर कोडचा स्टिकर आमच्या मेडिकलच्या काउंटरवर लावू का, असं विचारायला त्यांच्या दोन मुली आल्या. मी म्हटलं, ठेवून जा, बघते. काउंटरवर जे काही चिकटवलेलं असतं त्याचा जाब गिऱ्हाईक मलाच विचारतं, मग ती प्रोटीन पावडरची जाहिरात का असेना. म्हणून आधी स्वतः वापरून पाहिला. त्याच्या जोडीला पोरं या बाबतीत फोनवर आणखी काय काय वापरतात तेही पाहिलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. त्यांच्या चुका त्यांना कळवल्यात, आणि अशा सगळ्याच बॉटना लागू पडेल असं बरंच यात आहे.

माझं मेडिकल भांडुप पश्चिमेला, स्टेशनकडून टेंभीपाड्याकडे जाताना लागतं. वर टेकडीपर्यंत चाळी, खाली नवे टॉवर. रात्री साडेनऊनंतर जे गिऱ्हाईक येतं त्यातलं काही गिऱ्हाईक आधी एक ओआरएसचं पाकीट मागतं, मग आणखी काहीतरी आठवल्यासारखं करतं, शेजारचे काका बीपीच्या गोळ्या घेऊन जाईपर्यंत फोनमध्ये बघत उभं राहतं आणि मग हळूच म्हणतं, ‘ताई, ती बहात्तरवाली आहे का?’ म्हणजे 72 तासांच्या आत घ्यायची तातडीची गर्भनिरोधक गोळी. या गिऱ्हाइकासाठी बॉट कामाचा आहे का, एवढंच मला बघायचं होतं. बाकी त्याचं चित्र किती गोड आहे, तो ‘हाय फ्रेंड’ म्हणतो की ‘नमस्कार’, याच्याशी मला घेणं नाही. (तो ‘हाय फ्रेंड’ म्हणतो.)

तपासायची पद्धत साधी ठेवली. काउंटरवर खरोखर आलेले प्रश्न जसेच्या तसे टाकायचे. तेही पोरं टाइप करतात तसे: इंग्रजी अक्षरांत मराठी, अर्धं वाक्य, स्पेलिंगचा पत्ता नाही. त्याला भाचीची मदत घेतली, कारण मी पूर्णविराम देऊन मेसेज लिहिते यावरून ती मला लगेच ओळखते.

घाई नसलेल्या प्रश्नांना बॉट चांगला आहे, हे आधी सांगते. झोपेत वीर्य जातं, त्याने अशक्तपणा येतो का? हस्तमैथुनाने पिंपल्स येतात का? पांढरं जातं, कधी घाबरायचं? लिंग वाकडं आहे, लग्न होईल ना? सगळ्याला सरळ, न लाजता, न ओरडता उत्तर मिळालं. पांढरं जाण्याचं उत्तर तर मला फार आवडलं: रंग, वास, खाज आणि ओटीपोटातलं दुखणं यांवरून नेहमीचं काय आणि डॉक्टरकडे न्यायचं काय हे त्याने चार ओळींत वेगळं करून दाखवलं. आमच्याकडे अजूनही आया ‘हाडं झिजतात’ म्हणून मुलीसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन जातात. मुंबई मिररमध्ये डॉ. महिंदर वत्स 2005पासून याच शंकांची उत्तरं देत होते, 2020च्या डिसेंबरात 96व्या वर्षी गेले तोवर शहराला हसत हसत बरंच शिकवून गेले. ती उत्तरं इंग्रजी पेपरात होती. माझ्या गिऱ्हाइकापर्यंत त्यातली फारच थोडी पोचली. मराठीत, रात्री अकरा वाजता, अंथरुणात तोंडावर पांघरूण घेऊन वाचता येतील अशी उत्तरं मिळणं ही मोठी सोय आहे. 2007 साली महाराष्ट्राने शाळेतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला होता. त्या वेळी शाळेत असलेली पिढी आता आईबाप झालीय आणि माझ्याकडे डायपर घ्यायला येते. त्यांना कुणी शिकवलं नाही, ते पोरांना काय सांगणार!

मग खरा प्रश्न टाकला. ‘काल रात्री कंडोम फाटला आता काय’.

उत्तरादाखल कंडोम कसा वापरावा याचा धडा आला. एक्सपायरी बघा, पाकीट दातांनी फाडू नका, टोकाला हवा राहू देऊ नका, तेल किंवा व्हॅसलीन लावू नका कारण त्याने लॅटेक्स कमजोर होतं. सगळं बरोबर, आणि सगळं परवाच सांगायला हवं होतं. मी पुन्हा लिहिलं, प्रेग्नन्सीची भीती वाटतेय. तेव्हा तातडीच्या गोळीचं नाव आलं, 72 तासांच्या आत घ्यावी असं आलं, ती गर्भपाताची गोळी नव्हे असंही आलं. माहितीत चूक एकही नाही. पण किती तास झाले, हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही.

माझ्या काउंटरवर हा पहिला प्रश्न असतो. ही लेवोनॉरजेस्ट्रेलची 1.5 मिलिग्रॅमची एकच गोळी असते. ती बीजांड बाहेर पडणं पुढे ढकलते. बीजांड आधीच बाहेर पडलं असेल तर गोळीच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून बाराव्या तासाला घेतलेली आणि सत्तराव्या तासाला घेतलेली गोळी एकाच पाकिटातली असली तरी सारखी नसते. पोरांना मात्र 72 हा आकडा लाइटबिलाच्या शेवटच्या तारखेसारखा वाटतो: त्याच्या आत भरलं म्हणजे झालं. शनिवारी रात्रीची गोष्ट, आणि ‘अजून वेळ आहे ना’ म्हणून मंगळवारी संध्याकाळी क्लास सुटल्यावर येणारे मी पाहिलेत. 72 तास उलटून गेले असतील तरी पाच दिवसांच्या आत डॉक्टरकडून तांबी (कॉपर-टी) बसवून घेता येते आणि ती गोळीपेक्षा भरवशाची असते. हे उत्तर बॉटकडे होतं. ‘80 तास झाले’ असं मी स्वतःहून लिहिल्यावर त्याने ते दिलंसुद्धा. पण घाबरलेली एकोणीस वर्षांची मुलगी तास मोजून स्वतःहून लिहील, ही अपेक्षा ऑफिसात बसून बॉट बनवणाऱ्यालाच सुचू शकते.

माझा दुसरा प्रश्न असतो, दुसरं कुठलं औषध चालू आहे का. हा तर कुठल्याच बॉटने विचारला नाही, आणि मुंबईत तो विचारायलाच हवा. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं. ते यकृताला इतकं कामाला लावतं की लेवोनॉरजेस्ट्रेल शरीरात टिकतच नाही. फिटच्या काही गोळ्यांचंही तसंच, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनचं. अशा मुलीने नेहमीची एक गोळी घेतली आणि निर्धास्त झाली, तर पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे प्रेग्नन्सी किट घ्यायला येणार. तिला तांबी चांगली, नाहीतर डोस किती हे डॉक्टरने ठरवायचं. आमच्या भागात टीबीचा कोर्स चालू असलेली तरुण मुलं प्रत्येक गल्लीत आहेत. हे संस्थेला कळवल्यावर उत्तर आलं की त्यांच्या डॉक्टरांच्या टीमला विचारतो. ठीक आहे, विचारा, पण लवकर.

तिसरा प्रश्न मी जरा आवाज खाली करून विचारते: या महिन्यात ही कितवी? 2005पासून ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते आणि मिळावीच, पण काही मुली तिला रोजचा उपाय करून ठेवतात. मग पाळी पुढेमागे होते आणि त्या धास्तावून पुन्हा गोळी घेतात. इथे बॉटने मला चकित केलं. ‘या महिन्यात दोनदा घेतली’ लिहिल्यावर त्याने रागावणं-बिगावणं न करता नियमित घ्यायच्या गोळ्यांचे पर्याय दिले. त्यात सरकारी ‘छाया’ही होती, लखनौच्या प्रयोगशाळेतून आलेली बिनहॉर्मोनची गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. माझ्या ओळखीतल्या कित्येक फार्मासिस्टनाही ‘छाया’चं वेळापत्रक तोंडपाठ नाही. शिवाय तातडीची गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते, हेही त्याने न विचारता सांगितलं. म्हणजे मजकूर लिहिणारं माणूस जाणतं आहे. प्रश्न विचारायची सवय तेवढी त्याला कुणी लावलेली नाही.

आता दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपांबद्दल. त्यांना कुणी आरोग्याचं तंत्रज्ञान म्हणणार नाही, पण माझ्या मते या शहरातल्या तरुणांच्या लैंगिक आरोग्यासाठी गेल्या काही वर्षांत त्यांच्याइतकं कुणीच केलेलं नाही. ते कुणालाही न बघता कंडोम पोचवतात. माझा कंडोमचा धंदा त्यांनी खाल्ला हे खरं आहे आणि त्याबद्दल मी डिस्ट्रिब्युटरकडे रोज रडते. पण काउंटरवर ‘ते’ मागताना ज्या मुलाचा घसा कोरडा पडायचा, तो आता मागवतो आणि वापरतो, तर मी कशाला वाईट वाटून घेऊ? मुलीही मागवतात. माझ्या काउंटरवर इतक्या वर्षांत कंडोम मागणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. टॉवरमधल्या पोरांचं तर फारच सोपं झालंय. चाळीतल्यांचं तितकं नाही, कारण डिलिव्हरीवाला खालून नाव घेऊन ओरडतो आणि अख्खा मजला कठड्याशी येतो.

या ॲपांत खटकतं ते प्रेग्नन्सी किटचं. रात्री संबंध आला, सकाळी किट मागवलं, एक रेघ आली, पार्टी केली. त्या रेघेला काही अर्थ नसतो. किट लघवीतलं एचसीजी, म्हणजे गरोदरपणातलं हार्मोन, शोधतं, आणि ते शोधण्याएवढं तयार व्हायला गर्भ रुजून काही दिवस जावे लागतात. पाळीची तारीख उलटल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीवर केलेली टेस्ट खरी. माझ्याकडे किट घेणाऱ्याला मी एक ओळ सांगते: ‘पाळी चुकली का आधी ते सांग, नाहीतर पैसे वाया घालवू नकोस.’ तीच एक ओळ ॲपमध्ये ‘कार्टमध्ये टाका’च्या आधी दाखवायला काय हरकत आहे? चिप्स घेतल्यावर कोल्ड्रिंक हवंय का, हे विचारायला त्यांना बरोबर जमतं.

एचआयव्हीची भीती हा वेगळा प्रकार. इथेही तासच मोजायचे असतात. जोखमीचा संबंध आला असेल तर त्यानंतरची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि 28 दिवस घ्यावी लागतात. उलट टेस्टची घाई करून उपयोग नसतो. दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह रिपोर्टवर झोप लागू देऊ नये, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. बॉटने दोन्ही गोष्टी सांगितल्या, पण एकाच लांबलचक मेसेजमध्ये, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोक्यात एकच राहील: तीन महिने थांबा. नेमकं उलटं. या विषयाला मी सरळ 1097 लावायला सांगते. राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन आहे, 1 डिसेंबर 2014ला सुरू झाली, फोन फुकट, प्रादेशिक भाषांतही बोलता येतं, नेट लागत नाही. फोनवर माणूस असतं, आणि माणूस ‘कधी झालं?’ हे आपोआप विचारतं. कॉल लॉगमधून नंबर तेवढा पुसायचा. टेस्ट सायन, केईएम, नायरसारख्या रुग्णालयांच्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रांत मोफत होते. 2017च्या कायद्याने तिथला निकाल कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. ‘घरी पत्र येईल का’ हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. नाही येत.

बॉटची सर्वात मोठी अडचण वयाची आहे. सुरुवातीलाच तो वय विचारतो. मी भाचीचं खरं वय घातलं, 17, आणि निम्मं दुकान बंद झालं. पाळी, पिंपल्स, चांगला स्पर्श-वाईट स्पर्श चालू. गर्भनिरोधक, टेस्ट, गोळी बंद. त्याऐवजी ‘विश्वासू मोठ्या व्यक्तीशी बोला’. भाचीने लगेच मागे जाऊन 21 टाकलं आणि सगळं उघडलं. म्हणजे खोटं बोलणाऱ्याला माहिती आणि खरं बोलणाऱ्याला उपदेश.

संस्था असं का करते ते मला कळतं. पॉक्सो कायद्यात अठराच्या आतलं सगळं गुन्ह्यात येतं, मग दोघांची मर्जी असो वा नसो, आणि असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यात 2023च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. आता कुठली सतरा वर्षांची मुलगी आईकडे जाऊन म्हणेल की मला तुझ्यापासून लपवून एक प्रश्न विचारायचाय, तेवढी संमती दे? पण माहिती देणं आणि माहिती घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव, नंबर, कहाणी न विचारता सगळ्यांना सारखीच माहिती दाखवता येते. सरकारचाच किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014पासून 10 ते 19 वयासाठी आहे आणि त्यात लैंगिक-प्रजनन आरोग्य स्पष्टपणे येतं. राज्यात त्यासाठी ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. बॉटने ‘विश्वासू मोठी व्यक्ती’ असं हवेत सोडण्याऐवजी मैत्री क्लिनिक आणि मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 तरी सांगावं. आणि हेही सांगावं की सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022च्या निकालात म्हटलंय, अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली तर तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. हे माहीत नसल्यामुळे मुली डॉक्टरकडे न जाता माझ्यासारख्यांकडे ‘गर्भपाताचं किट द्या ना, डबल पैसे देते’ म्हणून येतात. गर्भपाताच्या गोळ्या मी ठेवतच नाही, त्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. पण मी नाही म्हटल्यावर ती कुठे जाते, हे मला ठाऊक नसतं.

जवळचं केंद्र शोधून देण्याची सोय आहे, पिनकोड टाकायचा. उत्तर आलं ते खाडीपलीकडचं, तेही फक्त सकाळच्या ओपीडीचं. कॉलेज आणि नोकरी करणाऱ्याने जायचं कधी? यावर वेळ घालवत नाही, नकाशा दुरुस्त होण्यासारखी गोष्ट आहे.

मुलांच्या बाजूचा एक बाजार मात्र सविस्तर लिहिण्यासारखा आहे. लोकलच्या डब्यात खिडकीच्या वर चिकटवलेली गुप्तरोगाची पत्रकं तुम्ही पाहिलीच असतील: एकच फोन नंबर, शंभर रोग, गॅरंटी. ती आता इन्स्टाग्रामवर गेली आहेत, फक्त डिझाइन चांगलं झालंय. अशाच एका ऑनलाइन ‘पुरुष आरोग्य’ सेवेचा फॉर्म मी एकोणीस वर्षांचा मुलगा बनून भरला. फॉर्म तसा जबाबदार होता. हृदयविकार विचारला, नायट्रेटची गोळी घेता का विचारलं, कारण सिल्डेनाफिलसोबत, म्हणजे व्हायग्रातल्या औषधासोबत, ती जिवावर बेतू शकते. पण मी भरलेली लक्षणं अशी होती की पहिल्यांदाच मैत्रिणीजवळ जाताना धडधडलं आणि जमलं नाही. एकोणिसाव्या वर्षी याला आजार म्हणत नाहीत, याला घाबरणं म्हणतात. निकालात तीन महिन्यांचं ‘पॅकेज’ आलं, काही हजार रुपयांचं, आज घेतलं तर सूट. डॉक्टरचा कॉल होईल म्हणाले. तो पैसे भरल्यानंतर. मार्च 2020पासून टेलिमेडिसिनचे सरकारी नियम आहेत, त्यात आधी रुग्णाचं म्हणणं ऐकायचं आणि मग औषध लिहायचं असा क्रम आहे. इथे क्रम उलटा होता. हाच प्रश्न मी संस्थेच्या फुकट्या बॉटला विचारला तर तो म्हणाला, पहिल्यांदा असं बऱ्याच जणांचं होतं, घाई करू नका, पॉर्नमधल्या शरीरांशी तुलना करू नका, सतत होत राहिलं तर डॉक्टरला दाखवा. एवढं ऐकायला त्या मुलाने हजारो रुपये घालवायला नकोत. या एका उत्तरासाठी मी बॉटला काउंटरवर जागा दिली.

पाळीच्या ॲपांबद्दल थोडक्यात. भाची वापरते, तारखा बरोबर सांगतं, पोटात दुखण्याची नोंद डॉक्टरला दाखवायला उपयोगी पडली. मात्र एकदा घरात सगळे मिळून तिच्या फोनवर मॅच बघत असताना वरून ‘तुमची पाळी 3 दिवस उशिरा आहे, काळजी वाटतेय?’ अशी पट्टी आली आणि माझ्या मेव्हण्याने ओव्हरच्या मध्येच चष्मा काढला. सूचना आधी बंद करा. आणि ॲप तुमची तारीख कुणाकुणाला देतं ते वाचा. 2021मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘फ्लो’ या लोकप्रिय ॲपला वापरणाऱ्यांची माहिती दुसऱ्या कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून तडजोड करायला लावली होती. कागदी कॅलेंडरवर पेन्सिलीची खूण अजूनही बाद झालेली नाही.

मी बॉटला शेवटी एक असा प्रश्न टाकला जो आमच्याकडे चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागायला आलेल्या एका मुलामुळे डोक्यात होता. गोळ्या दिल्या नाहीत, पाणी दिलं आणि आत स्टुलावर बसवलं तेव्हा बोलला. अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल, काही मिनिटांत स्क्रीन रेकॉर्डिंग, आणि मग पैशांची मागणी, नाहीतर सगळ्या नातेवाइकांना पाठवतो म्हणून धमकी. त्याने एकदा पैसे भरले होते आणि मागणी दुप्पट झाली होती. मी त्याच्या समोर 1930 लावला, सायबर फसवणुकीचा नंबर. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी भरलेली रक्कम अडवता यायची शक्यता जास्त. त्याचं मन शांत व्हायला 14416 दिला, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, ऑक्टोबर 2022पासून चालू आहे. आणि वडिलांना माझ्याच दुकानातून फोन करायला लावला. ते आले, मारलं नाही, रिक्षात घालून घेऊन गेले.

बॉटला हेच विचारल्यावर तो ‘ऑनलाइन सुरक्षित कसे राहाल’ या पानावर गेला. पासवर्ड मजबूत ठेवा वगैरे. त्या क्षणी हवं असतं ते असं: पैसे भरू नकोस, चॅट पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढ, 1930 लाव. आणि आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्या खटाटोपात नव्याने कळली आणि फार हुशारीची वाटली. स्टॉपएनसीआयआय नावाची मोफत सेवा आहे, वय 18च्या वरच्यांसाठी. आपला फोटो किंवा व्हिडिओ आपण कुणाला पाठवायचाच नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि तो ठसाच तेवढा जातो. सामील असलेल्या कंपन्या, म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम वगैरे, त्या ठशाशी जुळणारं चित्र कुणी चढवलं तर ते ओळखून अडवू शकतात. म्हणजे अब्रू वाचवण्यासाठी तोच फोटो आणखी एका अनोळखी माणसाला दाखवावा लागत नाही. अठराच्या आतल्यांसाठी अशीच ‘टेक इट डाउन’ नावाची सेवा आहे, आणि तिथे वय खरं सांगितल्यावर दार बंद होत नाही. व्हॉट्सॲपवरून एकमेकांना पाठवलेलं यातून अडत नाही, हे ध्यानात ठेवा. तरी यंत्र बनवणाऱ्याने घाबरलेल्या माणसाच्या जागी बसून विचार केला की काय होतं, ते इथे दिसतं.

बॉटला गुण द्यायचे तर शांतपणे वाचायच्या माहितीला दहापैकी आठ, तातडीला तीन. वयाच्या दाराला शून्य. स्टिकर लावलाय, शेजारी मार्करने 1097, 1098, 1930 आणि 14416 लिहिलेत, आणि खाली ‘काल-परवाची गोष्ट असेल तर आधी काउंटरवर विचारा’ असंही.

आणि बॉटच्या एका उत्तराचा मला थेट त्रास होतोय, तो सांगून ठेवते. एचपीव्ही लसीबद्दल, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणाऱ्या लसीबद्दल, त्याची माहिती अगदी चोख आहे: पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक, 9 ते 14 वयाला दोन डोस, 15 ते 26ला तीन, मुलग्यांनाही चालते. ते वाचून कॉलेजची मुलं संध्याकाळी थेट ‘लस द्या’ म्हणून येऊ लागली आहेत. लस मी टोचत नाही, डॉक्टर टोचतात. चिठ्ठी आणा, आदल्या दिवशी सांगा म्हणजे मागवून ठेवते, आणि नेताना बर्फाची पिशवी घ्या, ती 2 ते 8 अंशांतच राहायला हवी. रविवारी डिस्ट्रिब्युटर बंद असतो.